दिसण्यास ठणठणीत

जलखात्याच्या मुख्य कार्यालयात आजारी पडायचं असेल, तर आधी तीन मजले चढायची ताकद लागायची. आजारपणाच्या रजेची खिडकी तिसऱ्या मजल्यावर होती, इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि अर्ज अर्जदारानं स्वतःच आणून द्यायचा असा नियम होता. नवऱ्याचा अर्ज बायकोनं आणलेला चालत नसे, टपालानं आलेला तर उघडलाही जात नसे. वर पोचला तो आजारी नाही हे उघडच झालं, आणि जो पोचू शकला नाही त्याचा अर्ज आलाच नाही. इतका सुटसुटीत कारभार त्या इमारतीत दुसऱ्या कुठल्याच टेबलावर नव्हता.

हा नियम ज्यानं बसवला त्या कारकुनाला सगळं खातं थर्मामीटर म्हणायचं. पाठीमागे म्हणायचं, पण त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते नाव त्याला आवडायचं. टाकीवरचे चावीवाले, रस्ते खणणारे फिटर, घरोघर हिंडणारे मीटर रीडर, खाली बसणारे टंकलेखक असे नऊशे लोक, आणि त्या नऊशे जणांच्या अंगातला खरा ताप किती नि खोटा किती हे ठरवणारा हा एकटा. वय चौपन्न, अंगकाठी काटक, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. एक लिहायचं आणि एक पाडायचं.

पाडायचं म्हणजे असं. कंबरदुखीचा अर्जदार खिडकीशी आला की थर्मामीटर बोलता बोलता एक पेन खिडकीबाहेर घरंगळू द्यायचा. समोरचा माणूस भला असेल तर सवयीनं वाकून ते उचलून द्यायचा, आणि थर्मामीटर आभार मानून दुसऱ्या पेनानं अर्जाच्या कोपऱ्यात लिहायचा, 'वाकला.' खोकल्याच्या अर्जदाराला तो पाच मिनिटं नुसता समोर उभा करून ठेवायचा. खरा खोकला पाच मिनिटं दम धरत नाही, असं त्याचं स्वतःचं संशोधन होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पूर्वी एक लाकडी बाकडं होतं. लोक त्यावर बसून कण्हायची तालीम करतात, असं त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं ते उचलून आपल्या खोलीत आणलं. गेली नऊ वर्षं त्या बाकड्यावर जुन्या फायली आरामात पडून होत्या.

आता कोणी म्हणेल की माणूस खुनशी असणार. तसं मुळीच नव्हतं, आणि तीच पंचाईत होती. थर्मामीटर कमालीचा प्रामाणिक होता. कुणाकडून चहासुद्धा घेत नसे. दर शुक्रवारी तो आठवड्याचे अर्ज निकाली काढायला बसायचा तेव्हा पुठ्ठ्याची एक लांब पट्टी अर्जाच्या वरच्या भागावर ठेवायचा, म्हणजे अर्जदाराचं नाव झाकलं जाई. आपला कोण, परका कोण, साहेबांच्या ओळखीचा कोण, काही दिसायला नको. आजार बघायचा, माणूस बघायचा नाही, हे तो नव्या लोकांना छाती पुढे काढून सांगायचा. पट्टीखाली उरायचा तो फक्त आजार, डॉक्टरांचं मत आणि कोपऱ्यातली त्याची स्वतःची टीप. ते वाचून तो तीनपैकी एक शिक्का उचलायचा. 'मान्य'चा रबर अजून नवाकोरा होता. 'अमान्य'चा झिजला होता. तिसरा शिक्का त्यानं खास सांगून करवून घेतला होता, 'अमान्य. दिसण्यास ठणठणीत.' हा एकदा बसला की त्याच आजारासाठी सहा महिने पुन्हा अर्ज करता येत नसे. तोही नियम त्याचाच.

मोठ्या साहेबांना मात्र हे सगळं लागू नव्हतं. त्यांची खोली तळमजल्यावर होती आणि त्यांचा अर्ज शिपायाच्या हातून वर यायचा. एकदा पाय मुरगळला म्हणून ते महिनाभर घरी होते. त्या अर्जाच्या कोपऱ्यात थर्मामीटरनं काही लिहिलं नाही, कारण समोर माणूसच नव्हता, त्यामुळे लिहिणार काय. प्रामाणिकपणालाही वरून खाली बघताना कधीकधी चक्कर येते.

मग कोविड आला. त्या काळात रिपोर्टाचा कागद बघून रजा द्यायचा वरून हुकूम आला आणि थर्मामीटर हात चोळत बसला. एका कागदासमोर वीस वर्षांची नजर फुकट. पण साथ ओसरली आणि पुन्हा त्याचे दिवस आले, कारण आता नव्या जातीचे अर्जदार जिना चढू लागले. यांचा आजार बरा झालेला, रिपोर्ट स्वच्छ, छातीचा फोटो स्वच्छ, आणि तरी म्हणायचे, थकवा जात नाही, धाप लागते, डोकं चालत नाही. थर्मामीटर त्यांना शेपूटवाले म्हणायचा. आजार गेला आणि शेपूट राहिलं म्हणे. त्यानं एकाचंही शेपूट मानलं नाही.

त्यातली एक होती मीटर रीडर बाई. चाळिशीची, उन्हात हिंडून रापलेली, रोज अडीचशे घरांची मीटरं वाचणारी. पहिल्यांदा आली तेव्हा खिडकीच्या फळीला दोन्ही हातांनी धरून उभी होती. थर्मामीटरनं नेहमीप्रमाणे तिला सांगितलं की आजारी माणूस घरी झोपतो, जिने चढत नाही. ती म्हणाली, मग अर्ज कोण आणणार. हे उत्तर त्याला उद्धट वाटलं. त्यानं कोपऱ्यात 'जिने चढून आली, उलट बोलण्याइतका दम आहे' असं लिहिलं. जाताना ती वळली.

"साहेब, मला आज बघू नका," ती म्हणाली. "परवा घरी येऊन बघा."

त्या संध्याकाळी जेवताना थर्मामीटरनं हे बायकोला आणि मुलीला रंगवून सांगितलं. आजारी पडायची तारीखसुद्धा आगाऊ ठरलेली, असं म्हणून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. वीस वर्षं त्या घरात रात्रीचं जेवण असंच व्हायचं. शिकाऱ्यानं शिकार सांगावी तसे तो आजारी लोक सांगायचा. मुलगी लहानपणी ताप अंगावर घेऊन शाळेत गेली होती आणि प्रार्थनेच्या रांगेत कोसळली होती, तेव्हापासून ती या गोष्टींना हसत नसे. सहा महिन्यांनी मीटर रीडर बाई पुन्हा वर आली, पुन्हा तेच म्हणाली, आणि पुन्हा ठणठणीत ठरून खाली गेली.

त्यानंतर दोन महिन्यांनी थर्मामीटरला कोविड झाला. साथ संपल्यावर, सगळे विसरून गेल्यावर, उरलासुरला असावा तसा. पाच दिवस ताप, दोन दिवस खोकला, आणि आठव्या दिवशी तो कामावर हजर. शेपूटवाल्यांनो बघा, असा भाव तोंडावर. महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याचे पाय थांबले. दुखत नव्हते, कापत नव्हते, नुसते वर जाईनात. छातीत धडधड अशी की शर्टाचा खिसा हलताना दिसावा. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि बसायला काहीतरी शोधू लागला. काहीच नव्हतं. भिंतीवर बाकड्याच्या पाठीनं पाडलेला जुना डाग तेवढा होता.

वर गेल्यावर त्याला बरं वाटलं आणि त्यानं विषय सोडून दिला. पण तिसऱ्या दिवशी सकाळी तो अंथरुणातून उठलाच नाही. हात उचलायचा म्हणजे पोतं उचलायचं, दिवा डोळ्यांना टोचतो, आणि 'पाणी' हा शब्द काही केल्या आठवेना. बायकोला त्यानं खुणेनं ग्लास दाखवला. तिनं पाणी दिलं, मग कपाळाला हात लावून बघितलं. ताप नव्हता. ती आरशासमोर केस विंचरू लागली, आणि तिच्या हातून कंगवा पडला. थर्मामीटरनं सवयीनं वाकून उचलून दिला. ती 'बरं' म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिचं समाधान झालं होतं. कंगवा उचलण्यापायी तो नंतर तासभर आडवा पडून होता, पण ते बघायला ती तिथे नव्हती. वीस वर्षं ऐकून ऐकून शिकलेल्या बायकोला दोष तरी काय द्यायचा.

पुढचे चार महिने असेच गेले. चांगला दिवस आला की तो जिने चढायचा, दोन दिवसांनी कोसळायचा, त्यातून उठायचा, पुन्हा चढायचा. शब्द मध्येच गळायचे. तो पंखा मागायचा आणि फाईल म्हणायचा. अक्षर, ज्याचा त्याला भारी तोरा, ते कोंबडीनं उकरल्यासारखं झालं. रक्त तपासलं, छाती तपासली, हृदयाचा आलेख काढला. सगळं इतकं सुंदर की थर्मामीटरलाच स्वतःचा संशय येऊ लागला. आपण नाटक तर करत नाही ना, असं तो आरशात बघून विचारायचा. आरशातला माणूस दिसण्यास ठणठणीत होता.

शेवटी एक डॉक्टरीणबाई भेटली, जिनं रिपोर्ट बाजूला सारून त्यालाच विचारलं. तिनं सांगितलं की कोविडनंतर काहींचं असं होतं, महिनोन् महिने चालतं, आणि तपासणीत दिसतंच असं नाही. आज अंगापलीकडे काम केलं की त्याचा फटका लगेच बसत नाही, एक-दोन दिवसांनी बसतो. जोर लावून उपयोग नाही, जोर लावाल तेवढं मागे जाल. दोन महिने संपूर्ण विश्रांती घ्या, नाहीतर पुढे अंथरूणच धराल, अशी तिनं स्पष्ट ताकीद दिली. थर्मामीटर मान हलवत होता, पण त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आज जिने चढायचे आणि परवा कोसळायचं. म्हणजे खिडकीशी उभा असलेला माणूस बघून काहीच कळत नाही. नऊशे लोकांना त्यानं चुकीच्या दिवशी पाहिलं होतं.

हा विचार त्याला सोसवेना, म्हणून त्यानं तो तिथेच सोडला. माणूस स्वतःच्या बाबतीत किती समजूतदार असतो. त्याला आता फक्त दोन महिने हवे होते. दोन महिने पडून राहायचं, जिना नाही, खिडकी नाही. त्यानं अर्ज लिहिला, डॉक्टरीणबाईचं पत्र जोडलं, आणि नियमाप्रमाणे तीन मजले चढून स्वतःच्याच खिडकीत ठेवला. तसं करायची गरज नव्हती, पण प्रामाणिकपणा अंगात मुरलेला. अर्जाच्या कोपऱ्यात टीप लिहिणं भाग होतं, तीही त्यानं खरी लिहिली, 'जिने चढून आला.' शुक्रवारी आपण यावर 'मान्य' मारू आणि सोमवारपासून अंथरुणात, असा त्याचा बेत होता. आठवडाभर तो त्या सोमवारकडे डोळे लावून बसला.

शुक्रवार उजाडला तो वाईट. दोनच दिवसांपूर्वी तो एका दमात जिने चढला होता. डोक्यात कापूस भरलेला, समोर सदतीस अर्ज. त्यानं पट्टी ठेवली आणि हात आपोआप चालू लागले. वीस वर्षांची सवय, तिला डोकं लागत नाही. पोटदुखी, अमान्य. हात मोडला, फोटो जोडलेला, मान्य. मग एक अर्ज आला. थकवा, धाप, विसरभोळेपणा. तपासण्या सर्व नॉर्मल. कोपऱ्यात टीप, 'जिने चढून आला.' अक्षर गिचमिड. थर्मामीटरनं तो अर्ज पट्टीसकट हातात धरून शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला वाचून दाखवला आणि म्हणाला, हा तर अट्टल शेपूटवाला दिसतो. मग तिसरा शिक्का उचलून मनापासून मारला, आणि खाली स्वतःच्या हातानं एक ओळ जास्तीची लिहिली, 'अर्जदाराने कामात लक्ष घालावे.'

सोमवारी तळमजल्यावरच्या फळ्यावर निकाल लागले. तो यादी बघायला गेला नाही. त्याला जायचं कारणच काय. तो घरी अंथरुणात होता, आपली रजा सुरू झाली अशा समजुतीत. दहा वाजता हजेरीच्या टेबलावरून फोन आला की आपण कुठे आहात. साडेअकराला तो फळ्यासमोर उभा राहिला, तेव्हा त्याच्याभोवती चाळीसेक माणसं जमली होती आणि कोणी हसू दाबत नव्हतं. चौदाव्या क्रमांकावर त्याचं नाव होतं. पुढे त्याचा शिक्का, त्याची सही आणि त्याचाच सल्ला.

त्याला कपाळाला हात लावायचीही सवड मिळाली नाही. मोठ्या साहेबांनी आत बोलावलं. आत सगळे विभागप्रमुख गोळा केलेले, चहा मागवलेला. साहेब उभे राहिले. उभं राहून ते कारकुनाशी कधी बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांनी सांगितलं की आपल्या नोकरीत त्यांनी असा निःस्पृह माणूस पाहिला नाही. स्वतःचा अर्ज, स्वतःचा आजार, हातात शिक्का, आणि तरी तराजू हलला नाही. प्रशस्तिपत्रक तयार होतं. टाळ्या झाल्या. थर्मामीटर ते हातात घेऊन उभा होता आणि शब्द शोधत होता. सापडले तसे त्यानं मांडले.

"साहेब, तो माझा अर्ज आहे हे मला कळलंच नाही."

खोलीत हशा पिकला. विभागप्रमुखांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. साहेबांनी डोळे पुसत सांगितलं की एवढं होऊन विनोदबुद्धीही शाबूत आहे, म्हणजे प्रकृतीची काळजी नको. थर्मामीटरनं तेच पुन्हा सांगितलं, मोठ्यानं सांगितलं, आणि पुन्हा हशा. आपलं दुखणं ओरडून सांगावं आणि समोरच्यांनी टाळ्या द्याव्यात, यापरीस एखाद्यानं 'अमान्य' म्हटलेलं परवडलं. निदान त्यानं अर्ज तरी वाचलेला असतो.

प्रशस्तिपत्रक बगलेत मारून तो वर निघाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय थांबले. तो पायरीवर बसला, भिंतीला डोकं टेकवलं, आणि रडू आलं ते येऊ दिलं. खालून कोणीतरी चढत होतं. चार पायऱ्या, थांबणं, चार पायऱ्या, थांबणं. मीटर रीडर बाई होती. तिचे सहा महिने केव्हाच भरले होते आणि हातात तिसरा अर्ज होता. तिनं त्याच्याकडे बघितलं, दोन पायऱ्या खाली बसली, आणि दोघंही धाप ओसरायची वाट बघत राहिली. फळ्यावरची यादी तिनं वाचली होती.

"तुम्हाला कळलं नाही ना," ती म्हणाली. "मला पटतं. गेल्या महिन्यात मी माझ्याच दाराला 'घर बंद'ची चिठ्ठी चिकटवून पुढे गेले. आतून पोरं हाका मारत होती."

थर्मामीटर हसला. मग हसणं थांबलं. चार महिन्यांत डॉक्टरीणबाई सोडून कोणी त्याच्यावर विश्वास ठेवला होता तो हिनं, आणि हिला त्यानं दोनदा ठणठणीत ठरवलं होतं, जेवताना वाढून घेतलं होतं. त्याला स्वतःची शिसारी आली. त्यानं हात पुढे करून अर्ज मागितला. ती म्हणाली, अजून एक मजला बाकी आहे, नियम तिसऱ्या मजल्याचा आहे. त्यानं सांगितलं की बाई, मी इथे बसलोय म्हणजे खिडकी इथेच आहे. पाडायच्या पेनानं त्यानं त्या अर्जावर मांडीवर धरूनच लिहिलं, 'मान्य. चार महिने. अर्जदार आजारी आहे हे मला माहीत आहे.' दुसऱ्या दिवशी त्यानं दोन शिपायांना सांगून बाकडं वळणावर नेऊन ठेवलं. नऊ वर्षं विश्रांती घेतलेल्या फायली जमिनीवर आल्या.

घरी प्रशस्तिपत्रक बायकोनं वाचलं. दोनदा वाचलं. मग एकदम विचारलं, "अहो, खरंच कळलं नाही तुम्हाला?" तो नाही म्हणाला. त्यानंतर त्या घरात तिच्या हातून काही पडलं नाही.

कार्यालयात मात्र धरणीकंप झाला. थर्मामीटरनं शेपूट मान्य केलं. रिपोर्ट नॉर्मल असताना केलं, जिन्यात बसून केलं, वर बाकडंही मांडलं. तीन दिवसांत ही बातमी तळमजल्यावर पोचली आणि मोठ्या साहेबांनी पुन्हा बोलावलं. या वेळी चहा नव्हता, खोलीत दुसरं कोणी नव्हतं, आणि साहेबांचा आवाज इतका मऊ की थर्मामीटर घाबरला.

"तुम्ही बरे आहात ना?" साहेबांनी विचारलं.

एवढ्या महिन्यांत या इमारतीत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला. धाप बघून नाही, गळलेले शब्द बघून नाही, डॉक्टरीणबाईचं पत्र वाचून तर नाहीच. त्यानं एका आजारी बाईला आजारी म्हटलं, आणि तेव्हा कुठे साहेबांची खात्री पटली की याचं डोकं फिरलंय. साहेबांनी सगळा विचार करून ठेवला होता. थर्मामीटरचा जुना अर्ज ते विशेष बाब म्हणून पुन्हा उघडत होते. दोन महिने रजा, हवं तर तीन. थर्मामीटरनं अर्जाखाली एवढंच लिहायचं, की जिन्यात बसून रजा दिली त्या दिवशी आपलं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मग त्या दिवशी दिलेली मीटर रीडर बाईची रजा आपोआप रद्द होईल, ती सोमवारी कामावर येईल, बाकडं परत वर जाईल, आणि दोन्ही कागद जागच्या जागी लागतील. टेबलाचा शेरा आणि शिक्का तेवढा नियमाप्रमाणे लागेल, तो तुमचाच, असं म्हणून साहेबांनी अर्ज त्याच्या हातात दिला आणि पाठीवर हात ठेवला.

थर्मामीटर वर निघाला. या वेळी वळणावर बाकडं होतं. त्यावर एक फिटर बसला होता, तो सरकला. थर्मामीटर बसला, अर्ज मांडीवर. त्याला ती रजा हवी होती. किती हवी होती हे सांगायला लाज वाटावी इतकी हवी होती. उशीची गार बाजू, ओढलेला पडदा, आणि उद्याचा जिना नाही. डॉक्टरीणबाईनं सांगितलेलं अंथरूण त्याला स्पष्ट दिसत होतं, दोन महिन्यांचंही आणि कायमचंही. आणि लिहायचं होतं ते काही अगदीच खोटं नव्हतं. चित्त थाऱ्यावर नव्हतंच. पण ते शुक्रवारी नव्हतं, पट्टी ठेवून शिक्का मारला तेव्हा. जिन्यात, त्या पायरीवर, वीस वर्षांत पहिल्यांदा ते जागेवर होतं. आणि ती बाई आत्ता घरी पडली असेल. सोमवारी तिला उठवलं तर ती येईल, अडीचशे घरं करील, खिडकीतून बघणाऱ्याला ठणठणीत दिसेल. आणि बुधवारी पोरं तिला हाका मारत बसतील.

तिसऱ्या मजल्यावर आल्यावर त्यानं खुर्चीत बसून श्वास जागेवर येऊ दिला. पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली. अर्जाखाली त्यानं जमेल तितक्या चांगल्या अक्षरात लिहिलं, 'सदर दिवशी अर्जदार पूर्ण भानावर होता. त्या दिवशी त्याने दिलेली रजा कायम ठेवावी.' शब्द गळत होते म्हणून तीन वेळा थांबावं लागलं. मग त्यानं तिसरा शिक्का उचलला.

नोकरीत त्याच्या हातून खोटे शेरे अनेक गेले होते, पण ते खरे समजून. जाणूनबुजून मारलेला हा पहिला. 'अमान्य. दिसण्यास ठणठणीत.' शाई नीट उमटली का, हे त्यानं कागद तिरपा करून बघितलं. या वेळी त्यानं वरचं नाव आधी वाचलं होतं.